मे महिन्यातलं बेट

पाणी असतं तेव्हा होडी लागते.
आता मे. तलाव मागे सरून कुठंतरी कोपऱ्यात बसलाय
एखाद्या म्हशीएवढा,
आणि आम्ही चालत निघालोय बेटाकडं,
मी आणि शंकरम्मा आत्या,
भेगाळलेल्या गाळावरून, शिंपल्यांचा चुरा करत.
"ह्याला बेट कसं म्हणायचं बे?"
उपड्या होडीच्या सावलीत एक कुत्रं झोपलंय,
त्यालाच विचारावं.

तिकीट दहा रुपये.
वॉचमनच्या डोक्यावर ओला टॉवेल,
तिकीट फाडायलाही तो उठत नाही.
प्लेगच्या सालांत, गिरण्यांची बातमी ऐकून
तेलंगणातून जी माणसं आली
त्यांना सोलापुरात सोडण्याआधी ठेवत इथं, दहा-दहा दिवस.
चहूकडं पाणी. कुंपणाचा खर्च नको.
खिडकीतून म्हणे गिरणीची चिमणी दिसायची.
आता त्या जागी मोबाईलचा टॉवर.

पहिल्या खोलीत तराजू, उंची मोजायची काठी,
कपड्यांना गंधकाची धुरी द्यायची लोखंडी पेटी,
साखळीला बांधलेले पत्र्याचे मग.
एक फोटो: रांगेतले पुरुष, दोन्ही हात वर,
डॉक्टरला काखा दाखवताना.
मला वाटतं, शरण आलेत.
आत्याला वाटतं, ताणा घालायला उभे आहेत,
हातातली काठी तेवढी कुणीतरी काढून घेतलीय.

काचेखाली रजिस्टर.
नेमकं आपलंच पान उघडं असावं, असं होत नसतं.
वॉचमनला वीस रुपये दिले, त्यानं कुलूप काढलं.
बाविसाव्या पानावर, खालून तिसरी ओळ:
यमल नरसू. कोष्टी. डाव्या भुवईवर व्रण.
येताना माणसे चार.
आम्ही येमूल. आत्याचे आजोबा नरसय्या.
कारकुनाच्या कानाला पेललं तेवढं त्यानं लिहिलं.
जाताना माणसे... इथं शाई फुटलीय.
तीन असेल.
पाच तर नक्कीच नाही.

मागच्या खोलीत भिंतीवर ओरखडे, वरून काच.
पाटी: येथे ठेवलेल्या लोकांनी कोरलेला मजकूर.
लिपी तेलुगू. बहुधा प्रार्थना.

आत्या तिसरीपर्यंत तेलुगू शाळेत गेली. पुढं विड्या.
ती चष्मा कपाळावर सारते, नाक काचेला टेकवते.
"उप्पु." मीठ. एक पैसा.
"चिंतपंडु." चिंच. दोन.
"नूने." तेल. तेलावर काट मारलीय.
आणि आत्या अशी हसते की छतावरची पाल सरकते.
"प्रार्थना म्हणं! वाण्याची उधारी हाय की ही!"
मीही हसतो. घरी जाऊन हे कसं सांगायचं
ते मनात जुळवायलाही लागतो.

तिचं बोट काचेवरून खाली येतं. थांबतं.
तीच रांग, तेच अक्षर,
आकड्यासाठी पुढं सोडलेली तेवढीच जागा.
"चिन्नदि," आत्या वाचते.
मग बऱ्याच वेळानं, "लेदु."

एवढं तेलुगू मलाही येतं.
धाकटी. नाही.

अक्षर कुणाचं, कोण सांगणार.
नरसय्याला लिहिता येत होतं का
हेही आत्याला ठाऊक नाही.
किती दहा-दहा दिवस, किती माणसं,
कुणाकुणाची धाकटी.
आमची असली, तर ती आत्याची आत्या.
तिचं नाव घरात मी कधी ऐकलं नाही.

वॉचमन मागं येऊन उभा. "काय लिहिलंय हो मावशी?
सायब म्हणत होते, कुणी वाचणारं आलं तर विचार.
पाटी बदलायची म्हणं."

आत्या पदरानं काच पुसते,
आधी नाकाची वाफ, मग बोटाचा डाग.
"पाटी बरोबर हाय," म्हणते.
"ते बहुधा तेवढं काढ."

परतताना ती मध्येच थांबते,
तलाव जिथं सगळ्यात खोल असावा तिथं.
"हितं किती पाणी असतंय?"
दोन पुरुष असेल, मी अंदाजानं सांगतो.
ती चपला काढून हातात घेते,
लुगडं घोट्यावर धरते,
आणि तापल्या, कोरड्या गाळातून
एकेक पाय उचलत
सावकाश चालायला लागते.