दुपारी तीनचा अंधार

सुवार्ता, तुला सांगायचं राहिलंच.
रूबेन तिला घेऊन आला.
काइसा नाव. फिनलंडची.
कडबी चौकातला भाजीवाला विचारतो, नाम क्या दीदी?
ती म्हणते, काइसा.
तो म्हणतो, बढिया, अपना तो चल रहा है.
सात महिने झाले,
ओळख अजून तिथंच अडली आहे.

आली ती मे महिन्यात.
तू असतीस तर रूबेनला सोडलं नसतंस,
मे महिन्यात कोणी माणूस आणतं का नागपुरात, बाप्पा!
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कूलरपुढे बसायची,
वाळ्याचा वास आला की डोळे मिटून म्हणायची, जंगल.
मी टाकीत पाणी ओतत राहिलो.
सासऱ्याला दुसरं काय येतं.

आता डिसेंबर.
मोहननगरात झाडून सगळ्यांचे कान बांधलेले,
बोर्डेकाका मंकी कॅपमधूनच प्रार्थना चालवतात,
कोपऱ्यावर पोट्टे टायर पेटवून बसतात,
आणि ही बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये गच्चीवर
चांदणी टांगते, गुणगुणत.
दमयंतीबाईंनी कालपर्यंत चार शाली पाठवल्या.
ती दर वेळी थँक्यू म्हणते
आणि घडी करून कपाटात ठेवते.

करंज्या तिनं केल्या. तुझ्या कातण्यानं.
आत खोबरं नाही, आलुबुखाऱ्याचा गोळा,
त्यांच्याकडे तसंच असतं म्हणे.
दोन तेलात फुटल्या.
उरलेल्या किती खाल्ल्या ते विचारू नकोस,
शुगर मी नंतर तपासीन.

काटोलहून तुझ्या भावानं पेटी धाडली,
आंबिया बहाराची शेवटची संत्री.
मी म्हटलं, घे ना, चार घे, आठ घे.
तिनं एकच घेतलं.
तिच्या आजीला लढाईनंतर वर्षात एकच मिळायचं, नाताळला,
साल वाळवून ती उशीखाली ठेवायची.
आपल्याकडे साली गाईपुढे.
मी गप्प बसलो. माझ्याच हातात सोललेलं तिसरं.

चोवीस तारखेला दुपारी तीन वाजता
तिनं घरभर पडदे ओढले.
मेणबत्त्या लावल्या.
बाहेर लख्ख ऊन, भंगारवाल्याची हाक,
आत आमची रात्र.
तिच्या गावी ह्या वेळेला सूर्य गेलेला असतो.
भारनियमनाला आयुष्यभर शिव्या दिल्या मी,
वीज असताना अंधार करणारी
ही पहिलीच बाई पाहिली.

मग म्हणाली, आईकडे जाऊ.
मला वाटलं, व्हिडिओ कॉल.
नाही. तुझ्याकडे.
त्यांच्यात नाताळच्या संध्याकाळी कबरींवर दिवे लावतात,
बर्फातली अख्खी स्मशानं उजळतात म्हणे.
मी म्हटलं, आपलं दोन नोव्हेंबरला झालं ना,
मी फुलं घालून आलो.
ती चप्पल घालून दारात उभी.

जरीपटक्याचं फाटक बंद.
चौकीदार म्हणाला, कोन मेलं आज?
कोणीच नाही, म्हटलं, सण आहे.
त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या उघड्या दंडांकडे,
आणि कुलूप काढलं.

तिकडे बर्फ उकरून नाव शोधावं लागतं.
इथं तिनं वाळकी पानं बाजूला केली, आग लागू नये म्हणून,
ओढणीनं धूळ पुसली,
आणि बोट ठेवून वाचायला लागली,
सु. वा.
मग अडली. वर हे काय?
म्हटलं, रफार. र आहे तो.
म्हणायचा आधी, दिसतो मात्र
पुढच्याच्या डोक्यावर.
पुन्हा म्हणाली. सुवार्‌ता.
थोडं तुटलं मध्ये, पण आलं.

वारा नव्हता. ज्योत सरळ होती.
मला हुडहुडी भरली होती, स्वेटर घालून,
आणि ती दगडावर अनवाणी बसली होती
उन्हाळ्यात नदीकाठी बसावं तशी.
खिशातलं संत्रं तिनं काढलं, तेच, दुपारचं,
अर्धं मला दिलं.
अर्धं कोणाला, ते मी बघितलं नाही.

चौकीदार किल्ल्या वाजवत होता.
त्याला म्हटलं, पाच मिनिटं, बाबा.
मग अजून पाच.