हजेरी

रात्री साडेनऊला घंटा, मग हजेरी.
आडनाव आधी. वाघमोडे रेश्मा.
हाय.
'आहे' म्हण, इनामदार बाई सांगायच्या.
अकरा महिने सांगायच्या.
अकरा महिने मी हायच म्हणाले.

सतरा जणी होतो सांगलीच्या त्या घरात.
तबस्सुम खिडकीखाली निजायची,
चपला पायात घालून.
पळून जायचं म्हणून नव्हे.
पळावं लागलंच, तर.
आम्ही कुणी तिला विचारलं नाही.

माझ्या कागदावर कलम होतं, तारीख होती,
फुंकणी होती, लोखंडी, दीड फुटाची,
चुलत्याच्या डोक्याला टाके किती, तेही होतं.
त्याआधीचे तीन हंगाम नव्हते,
आईबाप मेंढरांमागं गेल्यावरचे.
जतकडं रात्री लई मोठ्या असतात,
एवढंच मी मंडळापुढं बोलले.
एका बाईंचं पेन थांबलं.
मग त्यांचा फोन वाजला.

आता मिरजेत आया आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात,
कायमची रात्रपाळी, मागून घेतलेली.
किल्ल्यांचा जुडगा माझ्याच कमरेला,
रुमालात गुंडाळलेला, वाजू नये म्हणून.
कॉट मोजते. पुन्हा मोजते.
वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गोळी दिली,
रात्री झोपताना अर्धी.
रात्री मी झोपत नाही, म्हटलं.
तेच तर, ते म्हणाले.

परवा नऊ नंबरला सिस्टर ओरडत होती,
चपला काढ गं, गादीवर चपला घालून झोपतं का कुणी!
कळा देणारी बाई ऐकत नव्हती.
मी चादर सारली, पाय पाहिले
अन् म्हटलं, असू देत सिस्टर, मी पुसून घेते.

सासू उशाशी होती.
आम्ही ओळख दाखवली नाही.
सासू चहाला खाली गेली तेव्हा
सलाइनच्या बाटलीकडं बघत
मी हळूच म्हटलं, शिकलगार तबस्सुम.
तिचे डोळे मिटलेले. आधी कळ ओसरू दिली तिनं.
हाय, म्हणाली.

मुलगी झाली, पहाटे चारनंतर,
रडली उशिरा, पण रडली.
पुसून, गुंडाळून मी ती तिच्या कुशीत ठेवली.
तबस्सुम बराच वेळ दाराकडंच बघत होती.
मग टाचेनं रेटत रेटत
एक चप्पल तिनं खाली पाडली.
एकच.
दुसरीचं मी काही बोलले नाही.