रोडग्याचा पत्ता

हॉटेल नाही बाप्पा, पाटीबी नाही.
टाकळीच्या फाट्यावर उतरजो,
अन् धूर पायजो.
निळसर, गोवऱ्यायचा.
ट्रॅक्टरचा धूर वेगळा, त्याच्या मागं जाऊ नोको.

पूर्णेपलीकडचे लोक रोडग्याले
तीन घड्या घालतात,
अन् म्हणतात, आमचाच खरा.
म्हणू दे.
गुंफाबाई ढोक्याच्या मळ्यात पाच असतात,
दर घडीले तेलाचं बोट,
अन् शेवटी मधोमध अंगठा.
मंग निखाऱ्यात पुरायचा,
अन् वांग्याच्या गंजाजवळ
गप बसायचं.

चाकू मागू नोको.
"भाजला का?" असं तर इचारूच नोको.
एका तहसीलदारानं इचारलं होतं,
त्याले काढून देला,
कच्चाच.

राख झटकली का फोडजो,
अंगठ्याच्या खड्ड्यात तूप थांबते.

म्हणजे थांबे.
औंदा सून करते,
तिचा अंगठा लहान,
तूप काठावरून पळते ताटात.
गुंफाबाई बाजेवरून पायते,
सांडलेलं बोटानं पुसून चाटते,
घड्या मोजते नखानं:
"पाचवी कुठी गेली व, मंदे?"

मंदी हासते, निखारा सारते.
तू दोन मागजो.