कायले?

"कायले शिकून राहिली तू हे?"
पाचपावलीच्या टपरीवर मावसा विचारतो.
त्याच्या हिशेबात पॅकेज, पुणे, मग परदेश.

आमच्या क्लासात पंखा नाही,
कीबोर्डचा 'ल' निघालेला, बोटानं आत दाबावा लागतो.
तिथं मी तेरा ओळी लिहिल्या:
लोमेशला रक्त चढवायची तारीख.
सिकल आहे त्याला.
दर एकवीस दिवसांनी मेयो, सुट्या वगळून.
आजवर आई पदराला गाठ मारायची,
आणि गाठ कशाची तेच विसरायची.

सर म्हणाले, जमलं. पण
लूप थांबायची अट कुठाय?
हे तर चालतच राहील.

"राहू द्या," म्हटलं.

मावश्याच्या चहावर साय धरलीये.
"सांग ना बाप्पा, कायले?"