कुलूप

पादऱ्याच्या रस्त्याला, तंबाखूच्या शेतांमागे
दरेकर सरदारांची बाग.
मला बोलावलं ते मोडी वाचता येते म्हणून.
बाग विकायची आहे, हद्द कुठवर
ते जुन्या वहीत असेल, असं त्यांचं म्हणणं.

वही म्हणते:
विटा सव्वा लाख, ढाढरच्या गाळाच्या.
चुना. बेलफळं. गूळ अडीच मण,
पैकी अर्धा मण मुंग्यांनी नेला.
भट्टीवर एक खेचर मयत.
भिंतीची उंची आठ हात,
उंटावर बसलेल्यालाही आंबे दिसू नयेत अशी.
हद्दीबद्दल अक्षर नाही.

तेव्हा स्कूटर सावलीला लावली
आणि भिंत शोधायला निघाले.

ती पडली नव्हती, पांगली होती.
रईबेनच्या चुलीला तीन विटा,
शाळेच्या पायरीला सात,
म्हशीच्या गव्हाणीला आख्खा एक कोपरा,
गोलाई अजून शाबूत.
एका विटेवर कुत्र्याच्या पिल्लाचं पाऊल,
वाळत घातलेल्या ओळींवरून
कुठल्याशा दुपारी धावत गेलेलं.
ज्यानं ती उचलून आणली त्यानं
पाऊल बाहेर दिसेल अशी
उंबऱ्याशी बसवली होती.

दरवाजा मात्र उभा.
दोन खांब, कमान, कमानीत पिंपळाचं रोप,
सागाच्या फळ्यांना हत्तीसाठी टोकदार खिळे.
या गावात हत्ती कधी आलाच नाही.
डावीकडून शेळ्या आत जातात,
उजवीकडून मोटारसायकली, दुधाच्या कॅनसकट,
आणि मधोमध शनाभाई माळी
संध्याकाळी सहाला कुलूप लावतो.
ओढून बघतो.
चार पावलं जाऊन परत येतो, पुन्हा ओढून बघतो.

शनाकाका, कशासाठी?
त्यानं किल्ली धोतराच्या सोग्याला पुसली.
"नाही लावलं तर गंजेल ना, बेन."

फोन वाजला. हद्द सापडली का?
सापडली, म्हटलं. पण ती चुलीपाशी वळते,
शाळेच्या पायरीवर जरा थांबते,
गव्हाणीत तर चाटून गुळगुळीत झाली आहे.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

मी कमानीखालीच उभी होते.
विटांच्या सांध्यातून मुंग्या चालल्या होत्या,
एकीमागे एक, लगबगीनं.
तो अर्धा मण अजून
पुरता पोचला नसावा.