शून्य, शून्य

महापे, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
पडद्यावर आठ ओळींचा प्रोग्राम, दोन धागे.
पहिला क्षमध्ये एक लिहितो, मग य वाचतो.
दुसरा यमध्ये एक लिहितो, मग क्ष वाचतो.
वाचलेलं जो तो आपल्यापाशी ठेवतो,
लोकल व्हेरिएबलमध्ये; तिथे शेजाऱ्याला डोकावता येत नाही.

प्रश्न एवढाच: दोघांनाही शून्य दिसू शकतं का?

दहा लाख वेळा चालवलं.
टूलने तक्ता काढून दिला, पण ते दोन रकाने कोरे.
ना शून्य, ना एक.
गोडांबे पाठीमागून म्हणाले, "असेंब्ली उघडलीस?"
उघडली. वाचनच नव्हतं तिच्यात.
कंपायलरने हिशेब केला होता:
बाईने वाचलं खरं, पण त्याचं पुढे काही केलं नाही,
म्हणजे नसलं तरी चालेल.
मेथीच्या काड्या खुडाव्यात तशा दोन्ही ओळी खुडल्या.

"शेवटी एकेक ओळ घाल," गोडांबे म्हणाले,
"धागा संपता संपता हातातलं बाहेर ठेवू दे,
सगळ्यांना दिसेल अशा जागी.
पण जपून. ओळ वाढली की प्रोग्राम तोच राहत नाही."

मंगळवारी मी इथल्या मालाच्या लिफ्टमध्ये होते.
तुला लिहिलं, चुकलं माझं.
मग तुझं काही आलंय का पाहिलं. नव्हतं.
तू तळोज्याला, बॉयलरच्या मागे, रेंज नसलेल्या कोपऱ्यात,
तूही तेव्हाच लिहिलं होतंस.
नंतर पाहिलंस का, ते मी विचारलं नाही.
लिफ्टचं दार उघडलं, दोन्ही निरोप सुटले.
आता चॅटमध्ये कुणीही बघावं:
दोन वाक्यं, एकाखाली एक, दहा छत्तीस, दहा छत्तीस.
भांडण मिटल्याची चोख नोंद.
तीन मजले माझ्या हातात असलेलं शून्य
त्यात कुठेच नाही.

ओळी घातल्या. पुन्हा दहा लाख.
एकशे चौदा वेळा: शून्य, शून्य.
मॉडेलच्या मते यात वावगं काही नाही;
लिहिलेलं अजून ज्याच्या त्याच्या खिशातच असतं
आणि नजर पुढे गेलेली असते.

साडेसहाला कोपरखैरण्याच्या जिन्यात
मी चढत होते, तू उतरत होतास.
विचारलं, "तेव्हा तुला काय दिसलं होतं?"
तू थांबलास.
हेल्मेटचा पट्टा लावलास, काढलास, परत लावलास.
"तेव्हा म्हणजे कधी?"