गाण्याखाली

सर्जेकोटच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझी खोली.
खाली लाद्या फुटतात, वर मी लग्नं जोडतो.

माणूस कुठे रडतो ते मला सेकंदासकट ठाऊक आहे.
नवरी मागे वळते तिथे नाही,
त्याच्या जरा पुढे, सनई चढते तिथे.
म्हणून ते वळणं मी निम्म्या वेगावर आणतो,
गाडीच्या दारात अडकलेला शालूचा काठ
थोडा जास्त वेळ दिसू देतो,
मग ‘पाठवणी-तीन’ सोडतो.
कोल्हापूरहून पेनड्राइव्हवर आणलेल्या चौसष्ट सुरावटींत
तीनला तोड नाही.
कट्ट्याच्या एका लग्नात
कुणाच्याच डोळ्याला पाणी नव्हतं, उलट जेवणावरून भांडण झालेलं.
महिन्याने सीडी लावली तेव्हा अख्खं घर रडलं,
भांडलेला मामा सगळ्यांत मोठ्याने.
मी उरलेले पैसे घेतले, वर दोन सुरमया.

मार्चात शालन कुबल जिना चढून आली.
टोपली दाराबाहेर, कमरेच्या पिशवीत
लेकीच्या लग्नाची सीडी.
वासू जाऊन आठ महिने झालेले.
दर्याने नाही नेला. अंगणात जाळं सांधताना
आडवा झाला, सुई हातातच.

‘गाणा काढून टाक,’ ती म्हणाली.
‘माका तेंचो आवाज होयो.’

मी सीडी लावली.
सगळीकडे वासू. आचाऱ्यावर ओरडतोय,
व्याह्यांना पान देतोय, भटजींच्या कानाशी लागतोय,
तोंड क्षणभर मिटत नाही त्याचं
आणि त्या तोंडावर मी
सतारी अंथरल्यात.
मूळ कार्डावर तेव्हाच दुसरं लग्न चढवलेलं.
काय सांगणार तिला? तिवळात पडलेलं मीठ
परत वेगळं निघत नाही, एवढं म्हणालो.
तिने मान हलवली, पण उठली नाही.

एकेचाळिसाव्या मिनिटाला
‘मुहूर्त-दोन’ संपतं आणि ‘आशीर्वाद-एक’ लागायचं राहतं.
चार सेकंदांची माझी चूक.
जावयाने तिचे दोनशे रुपये कापले होते.
चार सेकंद, उघडे. कुठेतरी पातेलं पडतं,
आणि वासू, पडद्याच्या बाहेरून,
‘अरे पंखो बंद कर रे, अक्षता उडतत!’

मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो, सवयीने.
शालन हसली. पोट धरून.
‘जल्मभर पंखोच बंद करीत रवले.
लायटीच्या बिलाक भियत.’
मग म्हणाली, परत लाव.
परत लाव.
सातव्या वेळी खाली क्रशर सुरू झाला,
मी धावत जाऊन तो थांबवला.
बर्फासाठी खोळंबलेला तांडेल शिव्या घालत होता.
मी वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं.
त्याला काय कळलं कोण जाणे,
विडी पेटवून बसला.

आता ते चार सेकंद तिच्या मोबाइलवर आहेत.
सकाळी लिलावात, भाव चढत असताना
तिच्या कमरेतून वासू ओरडतो,
पंखो बंद कर रे.
नवखा व्यापारी वर बघतो. वर आभाळ.
बाकीचे सरावलेत.

ती लगेच उचलत नाही.
देवगडहून लेक विचारते,
‘आये, उचलूक इतको वेळ?’
‘हात मासळीचे होते गो,’ शालन म्हणते.